बारा किलो

बोनाव्हिस्टाहून सेंट जॉन्स, साडेतीन तास.
पुतण्या रेग गाडी चालवत होता,
मी मागच्या सीटवर पाय लांब करून,
गुडघ्याला बाशिंग बांधून,
वेल्क्रोचे दोन पट्टेच ते, पण उतावळी खरीच होते.

डॉक्टर तरुण. नखं स्वच्छ.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, बघा डल्सी, हाडावर हाड.
म्हटलं, मला तर ऐकूही येतं,
रात्री, सातव्या पायरीवर.
मग त्याने मला काट्यावर चढवलं.
एकशे अठरा.
उंचीशी गणित केलं तर चव्वेचाळीस,
आणि आमची रेघ चाळीसवर आहे.
(आमची म्हणजे कोणाची, हे विचारायचं राहिलं.)
वाईट नव्हता तो. म्हणाला, जखम चिघळते,
भूल जड जाते, मला तुम्ही जिवंत हव्या आहात.
बारा किलो उतरवून या.
कशी?
चाला, म्हणाला. रोज थोडं थोडं.

मी हसायला लागले.
रेगला वाटलं, रडतेय.

बारा किलो म्हणजे
बटाट्याचं एक पोतं, वर दोन किलो.
म्हणजे रेगची धाकटी, ती दीड वर्षाची झाली तेव्हा.
कारखान्यात असे बारा बारा किलो
मी ट्रेमधून उचलले, एकोणतीस हंगाम,
ओल्या काँक्रीटवर, रबरी बुटांत,
खेकड्यांचे पाय तोडत.
तेव्हा कोणी माझं वजन विचारलं नाही.
भक्कम बाई आहे, म्हणायचे. रात्रपाळीला घ्या.

त्याआधी अँब्रोसबरोबर बोटीवर.
त्याची पितळी मापपट्टी अजून दाराशी खिळ्याला आहे.
खेकडा पाठीवर धरायचा, पट्टी लावायची,
मापाला लहान, तर परत पाण्यात.
मादी असली तरी परत पाण्यात.
हजारो सोडले असतील या हातांनी,
एकाचाही चेहरा आठवत नाही.
त्या डॉक्टरला तरी का आठवावा.

पत्रक दिलंय. त्यात अर्धं कापलेलं अव्होकाडो,
चमकदार, आतून हिरवं.
आमच्या दुकानात वादळाच्या आठवड्यात
कोबीसुद्धा येत नाही.
पाव असतो. काकवी असते. खारवलेलं मांस असतं.
आणि काळोख असतो, चार वाजल्यापासून.

नोव्हेंबरात चार किलो गेले.
जानेवारीत तीन परत आले,
न विचारता, घरच्या माणसांसारखे.

आता जिना बसून उतरते मी.
उलटी, एकेक पायरी, तेरा पायऱ्या.
चहाची किटली खाली आहे, संडास वर,
तेव्हा दिवसाचा हिशेब आधी मांडावा लागतो.
परवा मध्येच थांबले, सातवीवर,
तर भिंतीला खालून वर एक रेघ दिसली,
पुसट, हाताच्या उंचीवर.
अँब्रोसची. शेवटच्या वर्षी तोही
भिंतीला धरून चढायचा,
आणि मी खालून ओरडायचे, आटप की रे.

दर गुरुवारी रेग क्लॅरनव्हिलला नेतो, तलावावर.
पहिल्यांदा पोशाख घालून बाहेर आले
तेव्हा दोन पोरींनी मान वळवली.
वळवू देत.
पाणी छातीपर्यंत आलं की
गुडघा गप्प होतो.
आख्खा गप्प. घरात शेवटचा पाहुणा गेल्यावर होतं तसा.
तिथे मी चालते. हो डॉक्टर, चालते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
किती किलोची असते मी तिथे, कोण जाणे,
एखाद्या पोरीइतकी, एखाद्या ओल्या स्वेटरइतकी.

मग तास संपतो.
शिडीला चार दांडे आहेत.
पहिल्यावर पाय ठेवला की
एकशे सतरा किलो
खांद्यावर हात ठेवतात.
काठावरचा पोरगा वाकून विचारतो, मदत करू?
शिट्टी गळ्यात, कान थंडीने लाल.

थांब रे जरा, म्हणते.
इथेच आहे अजून.