सेकंडचा माल

चोवीस तारखेला पगार झाला नाही.
"शनिवारी बघू," मालक म्हणाले.
शनिवार सत्तावीसला.

मग गेटवरच्या काट्यावर
सेकंडच्या मालातले दोन किलो टॉवेल घेतले,
खात्यावर मांडून.
तुळजापूरच्या कुठल्याशा लॉजची ऑर्डर होती,
काठावर विणून हवं होतं: विश्रांती.
जकार्डात कुणाची तरी पट्टी चुकली
आणि साठच्या साठ टॉवेलांवर उतरलं
विश्रां
आणि पुढं कोरा काठ.
पार्टीनं माल परत पाठवला.
चेकिंगला मीच होते त्या दिवशी.
मलाही दिसलं नव्हतं
की ती नाहीच आहे.

घरी आले तेव्हा साडेनऊ.
कॅरलवाली पोरं दोन गल्ल्या पलीकडं,
ढोलकी आधी पोचते, आवाज मागून.
भेटी लागणार आठ,
आत्यांच्या भावाचा नातू आला तर नऊ.
हाताशी टॉवेल, सुताचे रिकामे कोन,
अर्धा किलो शेंगदाणे
आणि सकाळपर्यंतची रात्र.

शेंगा भाजल्या. लसूण, जिरं, मीठ, तिखट,
खलबत्ता मांडीखाली पोतं घालून.
तरी मामंजी झोपेतच म्हणाले,
"दार वाजतंय, कुणीतरी उघडा."
जामच्या तीन बाटल्या भरल्या,
चौथीचं झाकण सापडलं नाही.
ती शमुवेलची. तो काय,
भाकरी मोडेपर्यंतच थांबेल.

कोनांचा उंट केला शलमोनला.
मागच्या नाताळात नाटकात त्याला मेंढरू केलं
आणि तो मेंढरासारखा नाही, खराखुरा रडला होता.
मदार एका अंगाला कलली.
लांबून आलाय, दमलाय, म्हणून सांगू.

दोरा संपला तेव्हा अकरा वाजून गेलेले.
शेजारी नरसम्माच्या घरात दिवा होता,
सुपात अजून शंभरेक विड्या बांधायच्या.
"तीसुको," म्हणाली, गुलाबी दोऱ्याचं रीळ पुढं करत,
"वावभर गेला तर कोण मोजतंय."
तिला काय द्यायचं, हे मी धरलंच नव्हतं.
दहा झाले.
एक बाटली शमुवेलची कमी झाली.

टॉवेल कापले, काठ दुमडले,
नणंदेला पिशवी, तिच्या लेकीला टोपरं,
रिक्षाच्या आरशासाठी हातरुमाल दोन.
अक्षरं आली तिथं चिंधी लावून झाकली.
एकच टॉवेल अख्खा ठेवला.
त्याच्या कोऱ्या काठावर
गुलाबी दोऱ्यानं घालायला घेतली
ती.
त सोपा. वेलांटीला वेळ लागतो,
वर चढते, वळते
आणि वळताना सुटते.
तीनदा उसवली.

पावणेदोनला नळ फुरफुरला.
पाचव्या दिवसाचं पाणी.
माझ्या आधी आत्या उठलेल्या.
घागर, बादली, पिंप, पुन्हा घागर,
मी टॉवेल मांडीखाली सारला.
"तू पड आता," म्हणाल्या,
"सकाळी उपासनेला डोळे मिटशील
आणि उघडायची नाहीस."
पिंप भरलं. मग त्यांनी अंगण धुतलं.
पाणी आहेच, म्हणून.
पन्नास वर्षं त्यांच्याकडं
काहीतरी आहेच, म्हणून
त्या उभ्या आहेत.

सकाळी करंज्या तळून निघता निघता
टॉवेल हातात ठेवला.
"कशाला गं," म्हणाल्या,
आणि त्यानंच कढई उतरवली.
मी काही बोलले नाही.
मग पदराला हात पुसून
काठ डोळ्यांजवळ नेला,
शब्द बोटानं वाचला, थांबत,
आणि शेवटाशी नख लावून बघितलं.

"टाका सैल पडलाय.
दोन धुण्यात जाईल ही.
सुई आण."

चर्चची पहिली घंटा होऊन गेली होती.
शमुवेल रिक्षा काढून दारात,
शलमोन उंट घेऊन पुढच्या सीटवर.
आत्यांनी उंबऱ्यात पाय सोडले,
सुईत दोरा ओवायला
दोन वेळा चुकल्या, तिसऱ्यांदा माझ्याकडं दिली नाही.

"जाऊ दे त्यांना पुढं," म्हणाल्या.
"मी बसते जरा."