पाठमोरा

बत्तीस वर्षं दारात उभा होतो मी,
लक्ष्मीपुरीत, चित्रशारदा टॉकीजला,
हातात तीन सेलची बॅटरी.
बंडा टिपुगडेचे अकरा सिनेमे लागले आमच्याकडं,
एकही धड बघितला नाही.
डोअरकीपरनं पडद्याकडं पाठ करून उभं राहायचं असतं.
मी माणसं बघायचो.
त्यांच्या तोंडावरच्या उजेडावरनं कळायचं,
आता बंडाचा लेंगा सुटला,
आता सासऱ्यानं काठी काढली,
आता तो शेणात बसणार.

उद्यमनगरच्या फौंड्रीतली पोरं
पहिली पाळी सुटली की तशीच यायची,
भुवयांत काळी वाळू.
ती हसायला लागली की खुर्च्यांचे नट ढिले व्हायचे.
सोमवारी पान्हा घेऊन मी रांगा आवळायचो.
पिक्चर कसा चाललाय, कुणी विचारलं
तर सांगायचो, या आठवड्यात चाळीस नट.

मुतालिक सर शुक्रवारी यायचे, पेपरात लिहायचे.
एच रांग, चौदा नंबर, मांडीवर वही.
शनिवारी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
त्यांचं लिखाण मोठ्यानं वाचलं जायचं:
'टिपुगडे म्हणजे मराठी विनोदाला झालेला मुडदूस.'
मुडदूस पोरांना होतो, विनोदाला कसा, यावर वाद.
एक म्हैसवाला म्हणाला,
'सरास्नी एकदा गुदगुल्या करून बघाय पायजेत.'
दुसरा म्हणाला, 'मला बी न्हाई आवडत त्यो.
बायकांच्या अंगावर बोलतोय.
आमची मंडळी इंटरवललाच उठून आली.'
पेल्यातलं दूध निवलं,
दोघं महिनाभर बोलत नव्हते.

मग आला तो तोतऱ्या पाटलाचा.
पंचवीस आठवडे.
बंडा स्वतः आला, ट्रॅक्टरवरनं मिरवणूक, पुढं हलगी.
'प-प-पब्लिकला न-न-नमस्कार' म्हणाला
आणि शिट्ट्या मिरजकर तिकटीपर्यंत.

माझी थोरली, शालन, तेव्हा सातवीत.
तिचा क अडतो.
कोल्हापूर म्हणायला तिला वेळ लागतो.
आम्ही सुतार,
पण त्या वर्षी शाळेत तिला पाटलीण म्हणायला लागले.
एक दिवस म्हणाली, मला बघायचाय.
मॅटिनीला आणली, भिंतीकडंच्या खुर्चीत बसवली.
सरही आले होते. दुसऱ्यांदा. वही नव्हती.

पडद्यावर बंडा देवळात नवस बोलत होता
आणि देवीचं नाव त्याच्या तोंडातनं निघेना.
साडेतीनशे माणूस खदखदत होतं.
उशिरा आलेल्या एकाला जागा दाखवताना
माझी बॅटरी सरकली.
सरांचा चष्मा हातात,
रुमालानं डोळे पुसत होते, खांदे गदगदत होते.
आणखी सरकली.
शालन हसत नव्हती. रडतही नव्हती.
ओठ हलत होते तिचे.
देवीचं ते नाव
बंडाच्या वतीनं ती पुरं करायला बघत होती.

मी बॅटरी विझवली. माणूस अंधारातच चाचपडत बसला.

सरांनी दीड तारा दिला होता, तो दीडच राहिला.
मी कुणाला सांगितलं नाही.
तिकीट फाडायचा पगार होता मला.

आता टॉकीजच्या जागेवर गाड्या लावतात.
बंडा गेला तेव्हा सरांनी लेख लिहिला,
चांगला होता,
चौदा नंबरच्या खुर्चीचं काही नव्हतं त्यात.

परवा टीव्हीवर तोच लागला.
शालनचा पोरगा फरशीवर लोळून हसायला लागला.
मी रिमोट शोधायला उठलो.
ती भाजी निवडत होती, तोंड पोराकडं,
टीव्हीकडं पाठ.
म्हणाली, 'क... क...'

मी थांबलो.
तिचा शब्द मी कधी पुरा करत नाही.
आत देवळातली घंटा वाजत होती, पोरगं हसत होतं,
दोन शेंगा मोडून झाल्या तिच्या.

'कशाला, आप्पा?' म्हणाली.