चौथी ब, लाइट नसताना

सातपूरच्या आमच्या शाळेत संगणक तीन.
एक चालतो, एक चालायचा,
तिसऱ्यावर हेडसरांच्या सत्काराची शाल
घडी करून ठेवलेली.
आज लाइटही नाही.

म्हणून चौथी ब ला घेऊन व्हरांड्यात आले,
फरशीवर खडूनं चौकटी आखल्या,
आठ आडव्या, आठ उभ्या.
मधे दोन दप्तरं, म्हणजे भिंती.
कोपऱ्यात डबा, म्हणजे खजिना.
आज तुम्हीच मशीन, म्हटलं.

मशीनला कळत नाही
जरा पुढे म्हणजे किती, तिकडे म्हणजे कुठे.
मशीन समजून घेत नाही.
"आमच्या पप्पांसारखं," अलफिया म्हणाली,
आणि लगेच, "म्हणजे पप्पांच्या मशीनसारखं.
अंबडला. सीएनसी.
एक टिंब चुकलं की अख्खा जॉब भंगारात,
आणि पगारातून कापतात."
मी चहा कसा करायचा याचं उदाहरण
घरून पाठ करून आले होते.
ते तसंच गिळलं.

मग मोजणी.
पहिल्या चौकटीला शून्य म्हणायचं.
गलका झाला. शून्य म्हणजे काहीच नाही ना, मॅडम,
मग त्यात उभं कसं राहायचं?
मी खडू फिरवत राहिले बोटांत.
तेव्हा हर्षद थेटे, जो तेराच्या पाढ्यात कायम अडकतो,
म्हणाला, आमचे आजोबा मापाडी होते
दिंडोरी रोडच्या मार्केटात.
ते पहिल्या मापाला एक म्हणत नसत.
लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन.
धान्य मोजताना एक कुणीच म्हणत नाही, मॅडम.

तेव्हापासून आमच्या पहिल्या चौकटीचं नाव लाभ.
पण त्याच्या पुढचीला एक म्हणायचं की दोन
यावरून मारामारी झाली,
एका शर्टाचं बटण गेलं.
मोठमोठ्यांचं इथेच चुकतं, हे मी सांगितलं नाही.

आई म्हणायची, जर-तरच्या गोष्टी नकोत.
जर तू सायन्स घेतलं असतंस.
जर बाबांना वेळेवर नेलं असतं.
आणि मी आता तेच दोन शब्द
पुठ्ठ्यावर ठळक लिहून भिंतीला टेकवते:
जर पुढे दप्तर, तर डावीकडे वळ.
मुलांच्या तोंडी ते किती हलके.
जर मॅडम हसल्या, तर गृहपाठ नाही.
जर खिचडीत वाटाणा, तर तो अलफियाचा.

शेवटी निवृत्ती बेंडकुळे मशीन झाला.
वर्गात बोलत नाही, म्हणून मीच निवडला.
दोन घरं पुढे. डावीकडे वळ. पुन्हा तीन.
एकदाही चुकला नाही.
डब्यापाशी पोहोचला तेव्हा शेवटची ओळ मी दिली:
जोपर्यंत कुणी खांद्याला हात लावत नाही
तोपर्यंत इथेच उभा राहा.
आणि घंटा झाली,
आणि पस्तीस ताटल्या एकदम वाजल्या.

हजेरीचे आकडे जुळवून, हात धुऊन
मी बाहेर आले.
व्हरांडा रिकामा, चौकटी पायांनी पुसलेल्या,
खजिना ज्याचा त्यानं उचलून नेलेला.
आणि निवृत्ती तिथेच.
भिंतीकडे तोंड, हात मांड्यांना चिकटलेले,
नाकावर बसलेली माशीसुद्धा
त्यानं हाकलली नव्हती.
माशीबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं.

खांद्याला हात लावला.
"चुकलं का माझं, मॅडम?"
नाही रे. प्रोग्रॅम माझा होता.
यापेक्षा जास्त काही सुचलं नाही.

तो निघाला. पळाला नाही.
चार पावलं सरळ,
थांबला, काटकोनात उजवीकडे वळला,
पुन्हा सरळ, खिचडीच्या वासाकडे,
जिथे माझा खडू
केव्हाच संपला होता तिथूनही.