बोटभर फट

धायरी फाट्याच्या पुढे, पिठाच्या गिरणीमागे आमची शेड.
कचराकुंडीचे पेंग्विन करतो आम्ही,
बागेतल्या घसरगुंड्या,
एकदा लग्नाच्या मांडवासाठी हत्ती.
तिथे डॉक्टर नर्गिस दुबाश लाल गाडी घेऊन आल्या,
शेजारच्या सीटवर ओला टॉवेल.

"पत्रा नाही हं, फायबर आहे."
मी टिचकी मारली.
पेंग्विनसारखीच वाजली.

छताला दोन झाकणं, काढायची-घालायची.
ऊन पडलं की डिकीत, आभाळ आलं की डोक्यावर.
गळतं मात्र डावीकडूनच,
"आणि डावीकडे आई बसते."

मी आधी रबर बघत नाही.
रबराला सगळेच दोष देतात.
तिघांनी बदललं होतं,
एकाने तर फ्रिजच्या दाराचं बसवलेलं.
घरून कणकेचा गोळा मागवला,
वळ्या करून चौकटीभर लावल्या,
वर झाकण दाबलं, उचललं,
आणि सुरीने काप घेत मोजत गेलो:
तीन मिलिमीटर, तीन, साडेतीन,
मागच्या कोपऱ्याशी नऊ.
नवात करंगळी जाते.

"झाकण ठेवता कुठे?"
"गच्चीवर. जिन्याला टेकवून. बारा वर्षं."
माणूसही वाकला असता.

ते आता सरळ होणार नव्हतं.
मग चौकटीने वाकायचं.

आतलं कार्पेट सोलून काढलं.
खाली खरखरीत बाजू, पॉलिश न केलेली,
रेझिनमध्ये अडकलेला ब्रशचा एक केस,
आणि अंगठा. कुणाचा तरी, रेघान् रेघ.
मी माझा त्यावर टेकवून पाहिला.
त्याचा मोठा होता.

सिद्रामने झाकणाच्या कडेला मेणाचे पाच हात दिले.
मी रेझिनमध्ये पावडर कालवली, श्रीखंडाइतकी घट्ट,
चौकटीच्या ओठावर थापली
आणि झाकण वर ठेवून दिलं, आपल्या वजनाने बसू दे म्हणून.
मेण कुठे नखाएवढं राहून गेलं असेल
तर सकाळी दोन्ही मिळून एकच वस्तू.
काढायचं झाकण निघत नाही,
हे दात काढणाऱ्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं?
रात्री हातांना खोबरेल चोळलं.
काचेची कुसळं तरी टोचतच राहिली.

सकाळी लाकडी पाचर. एक ठोका.
दुसरा.
तिसऱ्याला कुठेतरी आत टक् झालं.
सिद्राम काही बोलला नाही,
चहा सांगायला गेला.

नळाला पाणी साडेसहा ते आठ.
नवं रबर चिकटवलं होतं, कडी फिरवली होती.
मी आत बसलो, काचा वर, हातात टॉर्च,
सीटवर, दाराच्या कडेवर टाल्कम पावडर भुरभुरलेली.
बाहेरून सिद्रामने पाइप सोडला.
वर नगारा. आत पावडर पांढरी, पांढरी, पांढरी,
आणि एक ठिपका.

रबराखाली नव्हता तो.
बोट वर नेत गेलो, नेत गेलो,
कडीच्या स्क्रूपाशी ओलं लागलं.
स्क्रू कालच बसवलेला.
मीच.

वायसरखाली ब्यूटाइलची पट्टी दिली, पुन्हा आवळला.
मग चौकटीच्या पन्हळीला एक भोक पाडून
नळी खांबातून खाली जमिनीकडे सोडली.
डॉक्टर बघत होत्या.
"पैसे घेऊन भोक पाडता?"
"बाई, मोरी नसलेलं घर पाहिलंय?"

श्रावणात फोन आला, ताम्हिणीतून.
"थेंब नाही आत! एक थेंब नाही.
पण काच सगळी धुरकटलीये.
आई बोटाने फुलं काढत बसलीये तिच्यावर,
मला समोरचं दिसत नाही."
"खिडकी उघडा," म्हटलं, "बोटभर."
"पाणी येईल ना."
"येईल थोडं."
पलीकडे वायपर चालू होता, आणि म्हातारीचं हसू.
मी फोन कानाला धरून उभा.
समोर अकरा पेंग्विन वाळत ठेवलेले,
सगळ्यांची तोंडं उघडी.