डाग

नाकुरूत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
केरुबो दिवसाला आठशे वाक्यं वाचते.
शून्य म्हणजे निरुपद्रवी, एक म्हणजे द्वेष.
मधलं बटण नाही.

वाक्य ४११२ : डाग काढून टाका.
शून्य. साबणाची जाहिरात असणार.
वाक्य ४११३ : मतदानाआधी डाग काढून टाका.
तिचं बोट हवेतच राहतं.

मादोआदोआ. डाग, ठिपके.
तिच्या आईची स्टेशनामागे लाँड्री होती.
शाईला लिंबू. रक्ताला गार पाणी,
गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं,
हे केरुबो सातव्या वर्षी शिकली.
त्याच वर्षी, निवडणुकीनंतरच्या जानेवारीत,
ज्याचे शर्ट आई इस्त्री करायची तो माणूस
फाटकाशी उभा राहून हाच शब्द बोलला,
आवाज जराही न चढवता.

आईनं दोरीवरचे कपडे काढले, ओलेच,
गिऱ्हाइकांचे होते ते,
आणि किसीच्या टेकड्यांत, मामाच्या अंगणात
परक्यांचे पायजमे वाळत घातले.
त्यात त्याचे दोन शर्ट.

शेजारच्या टेबलावर किप्तूनं त्याच वाक्याला शून्य दिलंय.
तो खोटं बोलत नाही.
त्या जानेवारीत त्याच्या वडिलांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या
आणि रेडिओ मोठा केला होता.

सहमती ०.६१.
हा आकडा मी काढतो, दोन खंड लांब बसून.
चालतो, असं आमच्यात ठरलंय.

मग यंत्र शिकलं.
पहिल्याच आठवड्यात त्यानं साबणाच्या सगळ्या जाहिराती
द्वेषात टाकल्या, एका सुईणीचा सल्लाही.
तोवर लोकांनी शब्द बदलला होता.
आता ते डाग म्हणतच नाहीत,
नुसतं म्हणतात, साबण आणा.
यंत्र म्हणतं, शून्य.

शेरा लिहायच्या रकान्यात केरुबो लिहिते :
गार पाणी आधी.
तो रकाना यंत्राला दिला जात नाही.
मी वाचतो, रात्री, कामाचा नसताना.

एकदा मी तिला कळवलं,
की माझ्या भाषेत सोन्याच्या दागिन्यालाही डाग म्हणतात;
अडीनडीला बायका एकेक डाग मोडतात
आणि घर तरतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं :
मोडतात म्हणजे?
आणि खाली,
हे शून्यात घालू की एकात?