लालसर झाक

रबाळे एमआयडीसी, आर ब्लॉक, दुसरा मजला.
खाली मसाल्याची गिरणी, म्हणून आमच्या पांढऱ्या कोटांना
रात्रपाळीतही धण्याचा वास.

शहाण्णव खळग्यांची पाटी.
एकेका खळग्याच्या तळाशी आधीच बसवलेलं प्रतिपिंड,
आलेल्या गर्दीतला
एकच हात ओळखणारं.
त्यावर सीरम. एक तास. मग धुणं.
पाटी उपडी करून टिश्यूच्या घडीवर थोपटायची,
तान्ह्याची ढेकर काढावी तशी.
जे धरलं गेलं नाही ते गेलं पाहिजे.

मग वरून दुसरं प्रतिपिंड,
त्याच्या शेपटीला मुळ्याच्या भावकीतल्या
कुठल्याशा कंदाचं विकर.
म्हणजे विकर मोजायला विकरच.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक,
असं मी नव्या मुलीला, ऋजुता धुमाळला, सांगते
आणि ती वहीत उतरवून घेते, म्हणीसकट.

विकर हा शब्द तिला नवा.
आमच्या ऐरोलीच्या शाळेत सप्रेबाई फळ्यावर लिहायच्या:
जे घडवून आणतं आणि स्वतः तसंच राहतं.
मला वाटायचं, बाई स्वतःबद्दल बोलतायत.

आज एनोलेज. मेंदूच्या पेशीतलं.
तिथं असतं तोवर कामाचं,
रक्तात सापडलं की बातमी.
कुणाचं तरी हृदय थांबून पुन्हा सुरू झालंय.
किती मिनिटं थांबलं होतं, ते फॉर्मवर नाही.
फॉर्मवर: पुरुष, बावन्न, कळवा. नमुना एक्केचाळीस.
(आई माणसांनाच म्हणायची, एकेक नमुना भेटतो.)

अंधारात पंधरा मिनिटं,
मग निळा.
आम्ल टाकलं की पिवळा, आणि तिथंच थांबतो.
एक्केचाळिसाचा सगळ्यांत गडद.
यंत्र म्हणालं, एकशे अठरा.

ऋजुता काही बोलली नाही.
मी मूळ नळी उजेडाला धरली.
सीरम वाळल्या गवतासारखं असायला हवं,
हे कोकमाच्या पहिल्या पाण्यासारखं.
तांबड्या पेशी फुटलेल्या. त्यांच्यातही हेच विकर असतं,
मेंदूशी काही देणंघेणं नसलेलं.
मग एकशे अठरातलं मेंदूचं किती,
आणि विटावा ते दिघा खड्ड्यांचं किती?

हे आधी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.
कारणं माझ्याकडं बरीच आहेत.

आकडा पाठवला असता तर चालून गेला असता.
वक्र नितळ होता, कंट्रोल जागच्या जागी,
यंत्र खोटं बोललं नव्हतं.
उत्तर बरोबर होतं,
दुसऱ्याच प्रश्नाचं.

लिहिलं: नमुना नाकारला, पुन्हा पाठवा.
लगेच आयसीयूतून फोन,
'अंदाज तरी सांगा मॅडम, घरचे बाहेर उभे आहेत.'
अंदाज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे:
तिकडं कुणीतरी उभं असेल ते खाली बसेल.
'अंदाज नाही,' म्हटलं. 'रक्त सावकाश काढा. सुई जरा जाड घ्या.'

साडेसहाला दुसरी नळी आली.
प्रणित मढवी म्हणाला, खड्डा आला की
गाडी ढकलत आणली, ताई, डबा पोटाशी धरून.
त्याला कुणी काही बोललं नव्हतं.
सीरम वेगळं केलं. स्वच्छ. फिकट.
त्या रंगावरून काहीच कळत नाही,
तेवढ्यासाठीच तो हवा असतो.

पुन्हा तास, पुन्हा धुणं, पुन्हा थोपटणं.
शेवटचा थेंब टाकून पाटी फॉइलखाली झाकली
तेव्हा नऊ वाजले आणि खाली गिरणी सुरू झाली.
टेबल बारीक थरथरायला लागलं.
मी दोन्ही तळहात पाटीच्या कडांना लावून उभी राहिले.

'यानं काही फरक पडतो का?' ऋजुतानं पेन उघडत विचारलं.

नाही पडत. हे लिहू नकोस.