मिठाच्या गावाची तालीम

पहाटे साडेपाचला, रंकाळ्याच्या कठड्यापाशी
मी शालनला म्हणालो, "सुप्रभात मंडळी.
आज आपण साल्झबुर्ग बघणार आहोत.
पासपोर्ट सांभाळा. छत्री हातात ठेवा,
तिथला पाऊस दोऱ्यासारखा पडतो, बारीक, दिवसभर."
शालन एकटीच बत्तीस माणसं झाली होती:
इचलकरंजीचे सूतवाले सहा,
जयसिंगपूरचं आख्खं एक घर,
गडहिंग्लजच्या दोन निवृत्त बाई, एकीचा गुडघा दुखतो,
आणि दर कोपऱ्यावर ज्याला जाऊन यायचं असतं, तो.

मी ते शहर पाहिलेलं नाही.
वीस वर्षं टेम्पो ट्रॅव्हलरच्या दारात उभं राहून
जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी केली.
बासुंदी कुठली खरी, एवढं छातीवर हात ठेवून सांगू शकतो.
मालक म्हणाले, "सर्जेराव, आवाज आहे तुमच्याकडं.
बाकीचं पाठ करा."

पाठ केलं.
नदीचं नाव जिभेवर बसेना, म्हणून पंचगंगा धरली.
डोंगरावरच्या किल्ल्याला पन्हाळा धरलं,
फक्त तिथं रुळावरनं डबा वर ओढतात
आणि पायथ्याला कुणी मक्याचं कणीस भाजत नाही.
"आता अरुंद गल्ली," मी उलटा चालत सांगत होतो,
"वर बघा, प्रत्येक दुकानावर लोखंडी खूण.
किल्ली. कात्री. बूट.
जुन्या काळी ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी."
शालन थांबली. बत्तीसच्या बत्तीस थांबले.
"त्या गल्लीत माझी आई चुकली नसती," म्हणाली.

हे माझ्या वहीत नव्हतं.
आई त्यांची बिंदू चौकातनं एकदा
भलत्याच एसटीत बसून गारगोटीला पोचली होती,
पाटी वाचता येत नाही हे कंडक्टरला सांगायची लाज वाटली म्हणून.
घरी आल्यावर वहीत लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

आदगोंडा चौथ्या दिवसापासून मागनं येऊ लागला.
शिरोलीच्या फौंड्रीत पस्तीस वर्षं भट्टीपुढं काढलेला माणूस,
आधी लांबनं हसला, मग पट्ट्याची चप्पल फटफटवत जवळ.
"मिठाचं गाव म्हणता. समुद्र कुठाय तिथं?"
नाही. डोंगरातनं निघतं मीठ.
"डोंगरातनं?"
डोंगरातनं. मग होड्यांतनं नदीनं खाली जायचं,
त्या पैशावर वाडे, बागा, देवळं उभी राहिली.
पांढरं सोनं म्हणायचे.
त्यानं पाण्याकडं बघत हिशेब केला.
"म्हंजे साखर कारखानाच की. चेअरमन कोण?"
बिशप.
"मग बरोबर."

आमच्या गावात तालीम म्हटलं की लाल माती आठवते,
पडायचं, उठायचं, अंग झाडायचं.
मी तोंडानं पडत होतो रोज.
कधी बाग पुलाआधी आली, कधी संगीतकाराचं पिवळं घर
नदीच्या भलत्याच काठावर बांधलं.
"पूल अजून आलेला नाही," शालन मागनं सांगायची,
"आधी गल्ली. मग चौक. तिथं घोडागाड्या. मग पूल."
कधी शिकली कोण जाणे.

काल मालकांनी खरी यादी दिली.
बत्तीस नव्हे, एकोणतीस.
बाई नाहीतच त्यात. गडहिंग्लजचं कुणीच नाही.
मी सांगितलं तर ती म्हणाली, "असतील. नीट बघा."

रात्रीची गाडी. बॅगेत थर्मास, चटणी, वही, स्वेटर.
शालननं मूठ भरून मीठ-मोहरी घेतली,
डोक्यापासनं पायापर्यंत तीनदा उतरवली,
विस्तवात टाकली. तडतडली.
"बघा किती लागली होती."
मी म्हणालो, मिठाच्या गावाला मीठ उतरवून चाललोय.
ती हसली नाही. पदराला हात पुसत म्हणाली,
"पुलावर कुलपं लावलेली असतात, सगळे वाकून बघतात.
तिथं डोकी मोजा.
आणि सकाळी माझ्या फोनची वाट बघू नका.
मी रंकाळ्यावर असणार.
आदगोंडाला किल्ला दाखवायचा राहिलाय."